पुढच्या डिकीतले चार दाणे

"अस्तर बंद करायच्या आधी आत चार दाणे टाकत जा, शोभे. रिकामं पोट शिवू नये."

हे माझ्या आईचं. शिरपूरकडे ती गावाच्या गोधड्या शिवायची आणि प्रत्येक गोधडीच्या एका कोपऱ्यात ज्वारीचे चार दाणे ठेवूनच शेवटचा टाका घालायची. मीही तेच करत आले. उशी असो, पिशवी असो, रिक्षाची गादी असो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे एका फार जाणत्या माणसाने याच दाण्यांना इटलीचं नागरिकत्व दिलं.

प्लेगला दोन वर्षं होत आली होती. सुरत इतकी स्वच्छ झाली होती की लिंबायतमध्ये आमच्या गल्लीतही झाडूवाला रोज यायचा आणि त्याला बघायला लोक दारात उभे राहायचे. ललितचे बाबा (नाव सुकलाल, पण ते मी उखाण्यातच घेते) तेव्हा लूमवर रात्रपाळी करत. अठरा वर्षं खडखडाट ऐकून एका कानाने साथ सोडली होती आणि खोकला घरच्या माणसासारखा राहायला आला होता. त्यांच्या हातात गादीकाम होतं, माझ्याकडे शिलाई मशीन होतं. नव्हती ती फक्त जागा.

जागा जसवंतसेठकडे होती. साड्यांचा मोठा व्यापार, मोठा बंगला, बंगल्यामागे पत्र्याची शेड. सेठ म्हणाले, "सुकलाल, माझ्या गाडीचं काम करून दे. नवसारीचे केरसीकाका, जुन्या गाड्यांचे जाणकार, येऊन बघणार. 'सगळं मूळचं आहे' असा त्यांनी कागद दिला की शेड तुझी. गाद्या शिव, रात्रपाळी सोड."

ती गाडी म्हणजे इटलीची, तांबडी, बसकी. आपल्या टॅक्सीतल्या फियाटची बहीण म्हणे, पण बहिणीशी बोलणं सोडलेली. बारडोलीकडच्या कुणा बड्या माणसाने हौसेने आणवली आणि तो वारल्यावर ती गोठ्यात पडून राहिली. तिचं इंजिन सीटच्या पाठीमागे. पुढचं झाकण उघडलं की आत काही नाही, नुसती डिकी. सेठनी गाडी घरी आणली तेव्हा पूजेच्या महाराजांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी पुढच्या झाकणावर साथियो, म्हणजे आपलं स्वस्तिक, काढला, समोर नारळ फोडला, मंत्र म्हटले. सगळी पूजा रिकाम्या डिकीला पोचली. इंजिनाने ते मनाला लावून घेतलं असावं, आठवडाभर सुरूच झालं नाही.

गाडीचं छप्पर निघायचं. काढायचं आणि पुढच्या डिकीत आडवं ठेवून पट्ट्यांनी बांधायचं, म्हणजे डोक्याला वारा लागतो. आम्हाला डोक्यावर छप्पर घालायला अकरा वर्षं लागली. सेठना काढायला दोन मिनिटं लागत. ज्याची त्याची साधना.

मी देवधर्म करणारी बाई आहे. सोमवार करते, आदितवार करते, देव्हाऱ्याला सोवळ्यात हात लावते. पण सोवळं काय असतं ते मला त्या डिकीने शिकवलं. पाणी लावायचं नाही. ओलं फडकं नाही. बांगड्या काढून ठेवायच्या. झाकणाच्या आतल्या बाजूला कारखान्यातल्या कुणा माणसाने पांढऱ्या खडूने एक आकडा लिहिला होता. तो पुसला जाऊ नये म्हणून सेठ त्याच्याजवळ शिंकतसुद्धा नसत. कडेचं रबर मूळचं, जॅकची पिशवी मूळची, छपराचे पट्टे मूळचे. सेठ एकेकाचं नाव घेऊन सांगत, जणू अष्टविनायक.

एकच अडचण होती. डिकीच्या तळाची चटई. राखी रंगाची, आत लोकरीचा नमदा, कडेने शिवलेली पट्टी. मूळचीच होती, पण बारडोलीच्या कोंबड्यांनी तिच्यावर इतकी वर्षं अंडी घातली होती की उचलली की कोपरे हातात येत.

"अशीच दुसरी शिवा," सेठ म्हणाले. "पण दुसरी दिसता कामा नये. आणि जुनी जाळून टाका."

मी जुनी चटई जमिनीवर पसरून तिच्या मापाचा कागद कापला. इंचाला किती टाके ते मोजलं. पलसाण्याच्या डाईंगमधून कापड आणलं. ते फार नवंकोरं दिसलं म्हणून चहाच्या पाण्यात बुडवलं, तीन दिवस गच्चीवर उन्हात टाकलं. जुनीवर एका वळणावर कारागिराचा एक टाका चुकला होता. मीही तिथे एक टाका चुकवला. मन दुखलं, पण चुकवला. शेवटची कड बंद करताना हात आपोआप डब्याकडे गेला आणि चार दाणे कोपऱ्यात पडले.

जुनी मात्र जाळली नाही. ज्याने इतकी वर्षं तळाशी राहून सेवा केली त्याला जाळत नाहीत, पाण्यात सोडतात. गणपतीत तापीवर जाईन तेव्हा नेऊ म्हणून मी ती घरी आणली आणि माळ्यावर, आमच्या खानदेशी कानबाई देवीच्या पाटाशेजारी ठेवली. सेठनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खरंच सांगितलं असतं, कारण माझं व्रत.

व्रत असं. प्लेगच्या दिवसांत ललितचे बाबा तापाने फणफणले होते. शेजारपाजार कुलपं लावून धुळ्याच्या, अमळनेरच्या गाड्यांना लटकला होता. मी त्यांच्या उशाशी बसून बोलले, "हा साधा मलेरिया निघू दे. दर चातुर्मासात दुपारी बारापर्यंत मौन धरीन, आणि बारानंतर माझ्यासमोर खोटं खपू देणार नाही." मलेरिया निघाला. मौन सोपं आहे हो. कठीण काम बारानंतर सुरू होतं.

सेठना यातला पहिला अर्धा भाग माहीत होता आणि तो त्यांना फार आवडला होता. केरसीकाकांना त्यांनी गुरुवारी सकाळी दहाला बोलावलं. मला म्हणाले, "शोभाबेन, तुम्ही डिकीपाशी उभ्या राहा. काही बोलायचंच नाही. मौन म्हणजे काही खोटं नाही ने?"

इतक्या श्रद्धेने माझं व्रत आजवर कुणी पाळलं नव्हतं.

केरसीकाका म्हणजे ऐंशीच्या घरातले पारशी, पांढरा डगला, खिशात भिंग. त्यांच्या कागदावर मुंबईच्या प्रदर्शनात गाडी पहिल्या रांगेत लागते म्हणे. सेठनी त्यांना लवकर बोलावलं खरं, पण काका मागून सुरू झाले. इंजिन बघण्यात तास गेला. सीटखाली अर्धा. एका स्क्रूपाशी तर ते इतके रमले की सेठनी दोनदा घड्याळ बघितलं. पुढचं झाकण उघडलं तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते.

काकांनी आधी कडेचं रबर दाबलं. "आ पछीनुं लागे छे," म्हणाले. नंतरचं वाटतं. जे खरंच मूळचं, तेच नंतरचं ठरलं. सेठचा चेहरा चुन्यासारखा झाला. मग काका वाकले, चटईवरून तळवा फिरवला, भिंगातून शिलाई बघितली, चुकलेल्या टाक्याशी थांबले आणि हसले. "हा बघ, जसवंत. कारखान्यातल्या माणसाचं जेवणाच्या सुट्टीकडे लक्ष असणार. असली चूक नकल करणारा करत नाही." मग कोपऱ्यावर अंगठा दाबला. पुन्हा दाबला. डोळे मिटले.

"शिसं," ते हळूच म्हणाले. "शिशाचे मणी. चटई उडू नये म्हणून कोपऱ्यात वजन घालत असणार. एक, दोन, तीन, चार. मी कुठेतरी वाचलंय. असली चटई शिल्लक असेल असं वाटलं नव्हतं."

ललितच्या बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना दाणे ठाऊक होते. मी जमिनीकडे बघितलं. काका खिशातून वही काढून लिहू लागले आणि सेठ जन्मभर शिशाचेच मणी बघत आल्यासारखे मान डोलवू लागले.

तेवढ्यात उधन्याकडच्या मिलचा बाराचा भोंगा झाला.

सेठ लगबगीने म्हणाले, "काका, जेवण तयार छे."

मी तांब्यातलं घोटभर पाणी प्यायले आणि पदर नीट करून म्हटलं, "काका, ते शिसं नाही. शिरपूरची ज्वारी आहे. चटई मी शिवली."

काकांची पेन्सिल थांबली. सेठ आधी हसले. "शोभाबेनचा उपास छे काका, पित्त चढतं."

"दीकरी," काका प्रेमाने म्हणाले, "साठ वर्षं मी गाड्या बघतोय. हा टाका तुझ्या घरच्या मशीनचा नाही."

"घरच्याच मशीनचा आहे. सुई तेवढी जाड लावली."

"आणि हा चुकलेला टाका?"

"तो मुद्दाम चुकवला. जुनीवर चुकला होता म्हणून."

"जुनीवर?" काकांनी चष्मा काढला. "जसवंत, जुनी कुठली?"

"जुनी नथी, काका. हीच एक. मूळची."

"आहे," मी म्हटलं. "आमच्या माळ्यावर. कानबाईच्या पाटाशेजारी."

माझा आवाज जात्याच लहान आहे, पण तिथे दुसरा कुणाचाच नव्हता. केरसीकाकांनी आधी माझ्याकडे, मग चटईकडे बघितलं. त्यांना माझं पटलं नव्हतं. साठ वर्षं एकीकडे आणि चार दाणे एकीकडे, कसं पटावं?

"उसवून बघू," मी म्हटलं.

"हात नही लगाडता," सेठ आणि काका एकदमच म्हणाले. मूळची चटई उसवायची नसते, ती मूळची नसली तरी.

शेवटी काका म्हणाले, "मी कागद सोमवारी लिहीन. रविवारी तुझी ती जुनी चटई नवसारीला माझ्या घरी आण. नाही आणलीस तर मी शिसं लिहिणार. येशील?"

"येईन," मी म्हटलं.

संध्याकाळी सेठ स्वतः आमच्या गल्लीत आले. रागावले नाहीत. मोठी माणसं रागवायला वेळ घालवत नाहीत. त्यांनी ललितच्या बाबांच्या हातात शेडची किल्ली ठेवली. "रविवारी मुहूर्त सारूं छे, शुभ छे, सुकलाल. आख्खा दिवस शेडमध्येच बसा. दोघंही." जाताना माळ्याकडे एक नजर टाकून म्हणाले, "शोभाबेन, देवाजवळ कचरा ठेवू नये."

ललितच्या बाबांनी किल्ली देवाच्या तसबिरीखालच्या खिळ्याला अडकवली आणि खाटेवर बसले.

"तुले कोणी इचारं व्हतं का?"

"नाही."

"मंग कसाले बोलनी?"

"बारा वाजले होते."

त्यांना खोकला आला. थांबल्यावर म्हणाले, "पाच मिनिटं उशिरा पाणी पिनी असती ते देव काय घड्याळ लाई बशेल व्हता?"

देव घड्याळ लावत नसावा. पण मी लावते.

ते डबा घेऊन रात्रपाळीला गेले. शुक्रवारी गेले, शनिवारी गेले. बोलले मात्र नाहीत. घरात दोन मौनी झाले. माझं रोज बाराला सुटायचं, त्यांचं सुटेना. मी सांगणार होते की तुम्ही नका येऊ, मी एकटी जाते, शेड गेली तर बोल माझ्यावर घ्या. पण ते झोपलेले असत, आणि उठत तेव्हा किल्लीकडे बघत. मी पाहिलं, शनिवारी त्यांनी ती फडक्याने पुसली आणि पुन्हा अडकवली. त्या शेडमध्ये मशीन कुठे ठेवायचं, गाद्या कुठे टांगायच्या, हे त्यांनी महिनाभर मला जमिनीवर खडूने काढून दाखवलं होतं. फरशीवर त्या रेघा अजून होत्या. मी त्या टाळून झाडत असे.

रविवारी मी पहाटेच आदितवारची पूजा मांडली. दिवा लावला, पानावर सूर्य काढला. साडेसातला ललितचे बाबा पाळीवरून आले. केसांवर सुताचे पांढरे तुकडे होते. चहा पुढे केला, तो घेतला नाही. चपला दाराशी काढून ते थेट शिडी लावून माळ्यावर चढले.

मला वाटलं, आता जाते ती चटई गटारात. बोलता तर येत नव्हतं. हात जोडून बसून राहिले.

ते खाली उतरले तेव्हा चटई त्यांच्या दोन्ही हातांवर आडवी होती, निजलेलं लेकरू धरावं तशी. त्यांनी ती माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळली, कोपरे आणखी तुटू नयेत म्हणून मध्ये वर्तमानपत्र घातलं आणि सुतळीने बांधली. मग खिळ्यावरची किल्ली काढून सदऱ्याच्या खिशात टाकली.

"सेठना बंगला वाटमां शे," म्हणाले. "किल्ली देई टाकसू."

मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी मान वळवली आणि माझ्या दिव्याकडे बघत, जरा रागानेच म्हणाले, "प्लेग नई, मलेरियाच निंघना व्हता ना."

मग गाठोडं काखेत घेतलं. "चाल, नवसारीनी गाडी चुकी जाई."

मी डब्यातून ज्वारीचे चार दाणे काढून पदराच्या टोकाला गाठ मारली. केरसीकाकांना अंगठ्याखाली ताडून बघता येतील. दिव्यात थोडं तेल घातलं, दार ओढून घेतलं आणि त्यांच्या मागे चालू लागले.