माळावरचा लांब टोल

मित्रांनो, जेवणाची सुट्टी संपल्यापासून तुम्ही ज्याच्या आवाजाची वाट बघत बसायचात, तो शाळेच्या लिंबाला टांगलेला जुना रुळाचा तुकडा मीच. अंगावर गंज चढलाय, पण आवाज अजून खणखणीत आहे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं माझं झालंय.

माझा जन्म भट्टीतला. तारुण्य दौंडच्या यार्डात मालगाड्यांखाली गेलं. मग मोठी लढाई पेटली आणि गोऱ्या साहेबांनी आपल्या वाडीचं गायरान तोफांच्या सरावासाठी घेतलं. माळावर तंबूच तंबू झाले. मला कापून तिथं टांगलं. तीन तुटक टोल म्हणजे गोळाबार सुरू होणार, माळ सोडा. एक लांब, घणघणत राहणारा टोल म्हणजे गोळाबार संपला.

बघता बघता वाडीचं जगणं माझ्या आवाजावर चालू लागलं. गुरं माझं ऐकून सुटत, बायका दूध-कांदे घेऊन तंबूंकडं निघत. टोल द्यायचं काम कोंडिबाला मिळालं, सोबत खाकी सदरा. ज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्याच्या टोलावर पाटलाची गुरंसुद्धा माळ सोडायची. कोंडिबाची छाती फुगायची आणि खोटं कशाला बोलू, माझीही फुगायची.

गोळाबारानंतर माळावर पितळेचे तुकडे पडत. शिरूरचा भंगारवाला ते विकत घ्यायचा. लांब टोलानंतर शिपायांनी आधी न फुटलेले गोळे शोधून तिथं लाल फडकी लावायची, मगच लोकांनी यायचं, असा नियम होता. पण आधी पोचेल त्याला जास्त पितळ. त्यामुळं माझं अंग थरथरत असतानाच पोरं टोपल्या घेऊन धावत सुटायची. ‘थांबा’ सांगणारा टोल कुणी ठरवलाच नव्हता.

एका दुपारी कोंडिबानं मला खुशीत जोरात वाजवलं. त्याची धाकटी लेक नकुशी सगळ्यांच्या पुढं धावली आणि न फुटलेला गोळा तिच्या हातात फुटला. कोंडिबाच्या मुठीतला हातोडा गळून पडला. “म्याच बोलावली तिला,” एवढंच तो म्हणाला. सदरा परत करून तो घरी गेला. पुन्हा त्यानं मला हात लावला नाही.

लढाई संपली, तंबू गेले, मला शाळेत आणलं. परवापर्यंत शाळा सुटताना माझा तोच लांब टोल वाजायचा आणि तुम्ही तसेच धावायचात. समोरच्या घरात झुंबरबाई राहते, नकुशीची थोरली बहीण. नव्वदीची म्हातारी काठी उगारून ओरडायची, “पळू नगा रं, थांबा.” तुम्ही हसायचात. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तिच्या जखमेची खपली रोज मीच काढायचो.

परवा शाळेत इलेक्ट्रिक बेल बसली. माझा शेवटचा टोल कोंडिबाच्या लेकीनं द्यावा म्हणून स्नेहल मॅडमनी झुंबरबाईला बोलावलं. “आजी, हा तुमच्या वडिलांचा मान,” त्या म्हणाल्या.

झुंबरबाईनं हातोडा घेतला, पण उचलला नाही.

“बाई, माझ्या बाचा काय दोस न्हाई,” ती म्हणाली. “त्या दिशी जायची पाळी माझी हुती. पायात काटा मोडला म्हून मी बसून ऱ्हायले. म्याच नकुशीला म्हनलं, तू पळ, न्हाईतर समदं पितळ संपंल.”

मी हादरलो. एवढी वर्षं मी समजत होतो, गुन्हा माझा. कोंडिबानं तो मरेपर्यंत स्वतःचा मानला. आणि ही म्हातारी आजवर एकटीच तो उराशी धरून बसली होती. ज्यांनी तो गोळा माळावर सोडला, त्यांना मात्र नकुशीचं नावही माहीत नव्हतं.

मॅडमनी विचारलं, “मग हा तुकडा भंगारात देऊ का, आजी?”

“नगं. शाळा सुटल्याली तुमची बेल सांगंल. तिच्या मागं ह्याला एकदा वाजवा. ह्यो वाजला की पोरांनी हाय तिथं उभं ऱ्हायचं. मग चालत जायाचं.”

तिनं एकच टोल दिला आणि लगेच तळहात माझ्यावर ठेवून आवाज थांबवला. पटांगणात ऐकत असलेली सगळी पोरं होती तिथंच उभी राहिली. माझ्या आवाजावर कुणीही धावलं नाही, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. बेलनंतर मी वाजलो की थोडं थांबा. समोरच्या दारात म्हातारी उभी असते. तुम्ही सगळे थांबलात हे बघितल्यावरच ती आत जाते.