हात वर, हात खाली

खुशालभाऊंचं डोकं भंजाळलं ते मंडपातल्या चहाच्या वेळी, आणि मग दिवसभर ते काही ताळ्यावर आलं नाही.

एरवी हा माणूस गोंधळणारा नव्हे. फौजेत होते, अन् तेही साधेसुधे नाही, छत्रीवाले. विमानातून उड्या मारायच्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलच्या अलीकडं त्यांचं गाव, चहूकडं धानाच्या बांध्या. तिथं त्यांना कोणी आडनावानं ओळखत नाही, 'छत्रीवाले भाऊ' म्हटलं की लहान पोरगंसुद्धा घर दाखवतं. जयंतीच्या कार्यक्रमात भाषणं आटोपली की कोणीतरी ओरडणारच, "भाऊ, ते छत्रीचं सांगा ना!" आणि भाऊ सांगणार. विमानाचं दार, पोटातला गोळा, पाठीवर पडलेली शिकवणाऱ्या उस्तादाची थाप, सगळं साग्रसंगीत. लोकांना पाठ झालेलं, तरी लोक ऐकणार.

आणि सगळ्यात जास्त ऐकलं ते त्यांच्या पोरीनं, रिनानं. शाळेत जायच्या आधीपासून ती घरामागच्या तणसीच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगावर चढायची, आणि भाऊ खालून ओरडायचे, "हात वर! पट्टे घट्ट धर! पाय जोड! जमिनीकडं पाहू नोको!" पोरगी धपकन खाली. केसांत तणीस, कानात तणीस. तिची आई बायनाबाई स्वयंपाकघरातून करवादायची, "मोडा, मोडा पोट्टीचे पाय! मंग कोन करते लगन तिचं?" भाऊ हसायचे. पोरगी पुन्हा ढिगावर.

तीच रिना आता चंद्रपूरकडच्या धावपट्टीवर आली होती. नागपूरच्या एका क्लबानं तिथं शिबिर भरवलं होतं, नवशिक्यांना एकट्यानं छत्रीउडी मारायला शिकवायचं. राइस मिलच्या ऑफिसातली नोकरी. मालक सुट्टी देईना, तर ही पठ्ठी भांडून आली. चार दिवस जमिनीवरचं शिक्षण झालं, आज शेवटचा दिवस, आज उडी. भाऊ पहाटेच मोटारसायकल काढून निघाले. बायनाबाईनं डबा दिला आणि बजावलं, "पोट्टीले धड वापस आना."

मंडपात पोचले तर काय मान! क्लबवाल्यांनी त्यांना खुर्ची दिली, आधी चहा त्यांना दिला. तिथली रीत अशी, की सकाळी सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि जुन्या उडीवाल्यांनी आपापल्या उड्या सांगायच्या. फुशारकी नाही, चुका सांगायच्या. म्हणजे नव्यांनी त्या करू नयेत.

घुग्घुसच्या कारखान्यात इंजिनिअर असलेले सुरेंद्रभाऊ सांगत होते. "जमीन जवळ आली, मी हात खाली ओढले. पन जरा लवकरच ओढले. वरच राह्यलो ना! घाबरलो, अन् दोन्ही हात पुन्हा वर सोडून देल्ले. बस, धाडकन. टाच गेली. सहा महिने प्लास्टर. तवा पोट्टेहो, एकदा हात खाली ओढले का ओढले. वर सोडाचे नाई."

खुशालभाऊंनी कप खाली ठेवला. "हात खाली कायले ओढता जी?"

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले.

"उतरतानी, भाऊ."

"उतरतानी तं हात वर पाह्यजे ना! आमाले तेच शिकवलं. छत्री उघडली का हात वर, पट्टे घट्ट, पाय जोडलेले. जमिनीले पाय लागेपर्यंत हात सोडाचे नाई."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, भाऊ भांडले तरी असते. शिबिराचा मुख्य शिक्षक प्रणित, पोरगेलासाच दिसणारा पण हजारावर उड्या मारलेला, अदबीनं म्हणाला, "बरोबर आहे भाऊ, पण ते गोल छत्रीचं. गोल छत्री जशी येईल तशी खाली येते, आपण फक्त लटकायचं. आमची ही चौकोनी. ही पुढं पळते. हात वर असले की पूर्ण वेगात पळते. म्हणून जमिनीजवळ आलं की दोऱ्यांच्या दोन्ही मुठी खाली ओढून ब्रेक मारायचा. त्याला फ्लेअर म्हणतो आम्ही. नाही मारला, तर त्याच वेगात जमिनीवर."

भाऊंनी मान हलवली. समजलं म्हणून नाही, समोरचा इतक्या गोडीनं बोलला म्हणून. आत मात्र घुसळण सुरू झाली. म्हणजे मी आयुष्यभर जे सांगितलं ते उलटं? पण त्यानंच तर मी जिवंत आलो!

आणि पुढं तर आणखी पंचाईत. हात खाली ओढायचे ते कधी, यावर त्या जाणत्यांचंच एकमत होईना. सुरेंद्रभाऊ म्हणाले, कौलारू घराच्या आढ्याइतकी उंची राहिली की. निकेश नावाचा एक तरुण म्हणाला, गवताची पाती वेगळी वेगळी दिसायला लागली की. "गवताकडे बघायचंच नाही," प्रणित म्हणाला, "नजर समोर, लांब!" निकेश म्हणाला, "सर, समोर पाहून मी माती खाल्ली होती." मग हसणं झालं. रिना तेवढी हसली नाही. ती एकदा याच्या तोंडाकडं पाही, एकदा त्याच्या, आणि मग बापाकडं. अहो, एका माणसाच्या दोन हातांना सल्ले तरी किती द्यावेत!

चहा झाल्यावर सगळे शेडमध्ये गेले. तिथं लोखंडी चौकटीला पट्टे टांगलेले. त्यात शिकणाऱ्याला अडकवून लटकवायचं, म्हणजे वर आकाशात असल्यासारखं होतं. रिना लटकली. दोऱ्यांच्या दोन्ही मुठी हातात. प्रणित सांगेल तसं ती डावीकडं ओढी, उजवीकडं ओढी, अगदी झोकात. भाऊंची छाती फुगली. मग प्रणित बोलता बोलता गप्प झाला, कोणाशी तरी चहाच्या भांड्यांबद्दल बोलू लागला, आणि एकदम वळून ओरडला, "फ्लेअर!"

रिनाच्या मुठी सुटल्या. दोन्ही हात खाडकन वर गेले आणि खांद्यावरचे पट्टे तिनं गच्च धरले. पाय जोडलेले, हनुवटी छातीला टेकलेली, जशी तणसीवर शिकली होती तशीच.

"शाब्बास!" खुशालभाऊंच्या तोंडून निघून गेलं.

प्रणितनं त्यांना बाजूला घेतलं. "भाऊ, हेच तर चार दिवस चाललंय. सांगून केलं की बरोबर करते. दचकली की हात वर. आणि वर गेल्यावर माणूस दचकतोच. मी विचारलं, कोणी शिकवलं? ती सांगेना. दुपारपर्यंत हे गेलं नाही, तर मी तिला विमानात बसवणार नाही. पाय मोडला तर नशीब म्हणायचं, कंबरही मोडू शकते."

भाऊंना कोणीतरी भर बाजारात थोबाडीत मारल्यासारखं झालं. ती सांगेना. बापाचं नाव पोरीनं चार दिवस झाकून ठेवलं होतं.

रिना पट्ट्यांतून सुटून आली. डोळे भरलेले, पण रडणारी नव्हे ती. "बाबा, मले काईच समजून नाई राह्यलं. हे म्हनतात आढं पाह्य, ते म्हनतात गवत पाह्य, सर म्हनतात कुठीच पाहू नोको. अन् माहे हात तुमचंच आयकून राह्यले. कोनाचं आयकू मी?"

आता काय सांगावं? एक मन म्हणे, घेऊन चल घरी, नाहीतरी बायनाबाईनं धड आणायला सांगितलंय. दुसरं म्हणे, पोरगी तणसीवर चढली ती कशासाठी? तिसरं मन होतं ते अजून भांडतच होतं, की हात वर म्हणजे वर, आमचे उस्ताद काय वेडे होते? तीन मनं घेऊन माणूस कसा उभा राहतो ते त्या दिवशी शेडच्या दारात पाहायला मिळालं असतं.

"त्याहिचं आयक," भाऊ शेवटी म्हणाले.

"अन् तुमचं?"

"माहं सोडून दे."

"असं कसं सोडू? तुमीच तं घातलं हाडात."

"मीच घातलं, मीच काढतो. चाल."

शेडमागं मातीचा उंचवटा होता. भाऊंनी तिला वर उभं केलं. ती उडी मारी, भाऊ ओरडत, "हात खाली!" पहिल्यांदा हात वर. दुसऱ्यांदा वर. तिसऱ्यांदा अर्धे वर, अर्धे खाली, आणि पोरगी तोंडावर. भाऊ चिडले. "अव खाली मंतो ना मी! आयकाले येत नाई का?"

रिना मातीतून उठली ती भडकूनच. "तुमी काय मंता ते आयकाले येते बाबा. पन तुमी करता काय? तोंडानं खाली मंता अन् स्वतःचे हात वर करता! मी तुमाले पाहून राह्यली ना!"

भाऊंनी आपल्या हातांकडं पाहिलं. खरंच की. दोन्ही हात कानापर्यंत, मुठी आवळलेल्या. त्यांना कळलंसुद्धा नव्हतं. पुन्हा करून पाहिलं, मनाशी पक्कं ठरवून. तोंडातून "खाली" निघालं आणि हात वर. बाप्पा! हे हात आपले की कोणाचे?

"तुमी जा जरा तिकडं," रिना म्हणाली. रागानं नाही, विनवल्यासारखं. "दिसू नोका मले."

भाऊ शेडच्या पलीकडं जाऊन बसले. मनाला लागलं ते लागलंच. पलीकडून प्रणितचा आवाज येत राहिला. कधी हळू, कधी अचानक, कधी मध्येच एखादा विनोद करून पटकन "फ्लेअर!" आणि बऱ्याच वेळानं तोच म्हणाला, "बस. झालं. आता दहा वेळा दचकवलं, दहाही वेळा खाली. जा, तयार हो." पोरगी पास झाली, कारण बाप समोर नव्हता. याचा आनंद मानायचा की दुःख, हे काही भाऊंना ठरवता येईना.

विमान उडालं. वारा बेताचा होता. उतरायच्या मैदानाकडेला दोरी बांधलेली, तिच्या अलीकडं सगळे उभे, आणि प्रणित हातात वॉकीटॉकी घेऊन पुढं. त्याचा आवाज वर रिनाच्या हेल्मेटात ऐकू जायचा. भाऊ सगळ्यांत कडेला. विमानातून एक ठिपका सुटला, लगेच वर लाल-पिवळी छत्री फुलली, आणि भाऊंनी कधी नव्हे ते डोळे पुसले. इतकी सुंदर असते ही? आतून कधी दिसलीच नव्हती.

छत्री वळली, पुन्हा वळली, आणि समोरून सरळ मैदानाकडं यायला लागली. बापरे, पळते खरी ही! प्रणित खोटं बोलत नव्हता. रिनाचे बूट दिसले. हेल्मेट दिसलं. तिचं तोंड यांच्याकडंच. आणि तेवढ्यात भाऊंच्या ध्यानात आलं, की आपले हात छातीपर्यंत आलेत.

त्यांनी ते खाली दाबले. हात परत वर. पोरीला आपण दिसतोय. या एवढ्या लोकांत ती पाहील ती बापालाच, लहानपणापासून तेच पाहत आली. एका क्षणात काय करायचं? भाऊंनी तोंड फिरवलं. मैदानाकडं पाठ करून, दोन्ही हात पोटाशी घट्ट धरून, ते उभे राहिले.

समोर रस्ता, रस्त्यापलीकडं सागाची झाडं. मागून प्रणितचा आवाज. "छान येतेस. हात वर ठेव, वर... वर..." आता हे वर म्हणतात! "थांब... थांब... आता! फ्लेअर!"

कापडाची जोरात फडफड झाली. काहीतरी आपटलं. मग आवाजच नाही. बरीच वर्षं छत्रीवाले म्हणून मिरवलेल्या त्या माणसाला मान वळवायचं धैर्य होईना. मग टाळ्या वाजल्या, कोणीतरी शिट्टी मारली, आणि सुरेंद्रभाऊ ओरडले, "अव मस्त उतरली व पोरी!"

रिना बसकण मारून पडली होती, दुसरं काही नाही. उठली, कपडे झटकले, छत्रीचं बोचकं काखेत मारून दोरीकडं आली. लोक पाठ थोपटत होते. ती सरळ बापासमोर येऊन उभी राहिली.

"पाठ काऊन केली तुमी?"

भाऊंनी दोन्ही हात पाठीमागं लपवले.

"वरून सगळे दिसत होते मले. सगळे माह्याकडं पाहून राह्यले, अन् माहा बाप रस्त्याकडं. तुमचं सोडून त्याहिचं आयकलं म्हून राग आला ना? सांगा ना तसं. तुमीच मनले सोडून दे म्हून."

"नाई व बाई, राग नाई. मी... ते हात..." कसं सांगायचं पोरीला, की माझ्या हातांचं मलाच भेव वाटलं?

तेवढ्यात दुसऱ्या फेरीतला पोरगा खाली येत होता. प्रणित वॉकीटॉकीत ओरडला, "फ्लेअर!"

खुशालभाऊंचे दोन्ही हात खाडकन वर गेले. मुठी आवळलेल्या, पाय जोडलेले, हनुवटी छातीला. भर मैदानात, सगळ्यांसमोर.

रिना पाहत राहिली. काखेतलं बोचकं खाली गळून पडलं. मग ती पुढं झाली, तिनं बापाची दोन्ही मनगटं धरली आणि ते हात खाली ओढले, आणि दुसरा पोरगा उतरून उठून उभा राहिला तरी तिनं ते सोडले नाहीत.