अर्धा कॉक

पन्नास वर्षं मी लोकांचे नळ दुरुस्त केले. एकदा तर अख्ख्या वस्तीची टाकी अंगठा घालून तीन दिवस थोपवून धरली होती. घास लोकांनी भरवले. खोटं वाटत असेल तर अंगठा बघा, अजून चपटा आहे.

त्यामुळे माझ्याच हृदयाची झडप गळते म्हटल्यावर मला हसू आलं. पण डॉक्टर म्हणाले, "गळती गंभीर निघाली तर विमानप्रवास बंद." हसू जागच्या जागी आटलं. समुद्रापलीकडे माझी ताई राहते, वय एक्क्याऐंशी. एकोणीस वर्षांत तिला पाहिलेलं नाही. आणि तिकीट पुढच्या आठवड्याचं.

आमच्या धंद्यात एक चोरवाट असते. घरमालक काम बघायला आला की मेन कॉक अर्धा बंद करायचा. दाब उतरला की फुटका नळसुद्धा शहाण्यासारखा वागतो. म्हणून तपासणीच्या सकाळी रक्तदाबाच्या गोळ्या एकाऐवजी तीन घेतल्या.

इको करणाऱ्या बाईंनी मला डाव्या कुशीवर वळवलं, छातीवर गारढोण जेल थापलं. "श्वास सोडा. आता धरून ठेवा." पडद्यावर डॉप्लरने गळतीचा निळा झोत दाखवला. एवढुस्सा! मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली.

बाईंनी दंडाला पट्टा बांधला. "आजोबा, दाब नव्वद? किती गोळ्या गिळल्यात?"

"एकच. पण औषधवाला दिलदार, मोठी देतो."

"अस्सं! मग हा रबरी चेंडू दाबा. जमेल ना या वयात?"

मला विचारते, जमेल ना! मी असा आवळला, की दंडाची शीर टरारली. त्याबरोबर दाब चढला आणि पडद्यावरचा झोत फुगत कप्प्याच्या पार मागच्या भिंतीवर आदळला. मनगटाचा तोरा नडला.

"ही खरी गळती," बाई म्हणाल्या. "गोळ्यांचा अंमल उतरला की याहून मोठी दिसेल."

"ताई वाट बघतेय हो माझी."

त्यांनी हळूच जेल पुसलं. "म्हणूनच आधी झडप दुरुस्त करा."

घरी येऊन ताईला फोन लावला. "या खेपेला येत नाही गं. आधी ऑपरेशन."



"मेल्या, तुझी खाट कालच खिडकीपाशी सरकवली मी."

"मग राहू दे तिथेच."

"राहू दे तर काय! परत सरकवायला माझ्यात ताकद उरलीये का?"