चार पट्ट्यांची जागा

आमच्या ज्येष्ठ मंडळाच्या अध्यक्षांना नियम तोंडपाठ आहेत. ते कशासाठी असतात, एवढंच काय ते त्यांना ठाऊक नाही. मंडळाला मिनीबस मिळाल्यापासून तर त्यांच्या अंगात परवानाच संचारला आहे. भाडं घ्यायचं नाही, सभासदांखेरीज कुणाला न्यायचं नाही, निघण्याआधी गाडी तपासायची. ही तपासणी ते स्वतः करतात, म्हणजे चकाकतं जाकीट घालून टायरला बुटाने ढोसतात आणि खजिनदार फोटो काढतो.

बस मिळाली ती माझ्या आईच्या जोरावर. देणगीच्या अर्जावर तिचाच फोटो होता, व्हीलचेअरमधला. "थोडं हसा ना," असं चार वेळा सांगून काढलेला. देणगीदार पाघळले आणि बस आली. मागच्या बाजूला खुर्ची वर घेणारी लिफ्ट, आत व्हीलचेअरची एकच जागा, तिथे जमिनीत कड्या आणि खुर्ची जखडायला चार जाड पट्टे. उद्घाटनाच्या दिवशी आई तिथे बसली. तेही फोटोपुरती.

मग अध्यक्षांच्या लक्षात आलं की बसच्या सीटवर त्यांची पाठ दुखते. ऑफिसातली उंच पाठीची, हातांवर कातडं मढवलेली त्यांची खुर्ची त्याच लिफ्टने वर चढवली आणि त्याच चार पट्ट्यांनी बांधून टाकली. मागे बसून सगळ्यांवर लक्ष ठेवता येतं म्हणे. मी दोनदा बोलले. "आई येतील तेव्हा काढू की," म्हणाले. बाकीच्यांनी मूग गिळले. आमचे सभासद जे काही बोलायचं ते अध्यक्ष गेल्यावर फाटकापाशी बोलतात.

त्या सकाळी आई येणार होती. सहल मावशीच्या गावावरून जाणार होती आणि आम्हाला तिच्या दारात सोडायचं अध्यक्षांनी कबूल केलं होतं. मावशी पुढच्या आठवड्यात मुलाकडे परदेशी चालली होती, कायमची. दोघी बहिणींचं वय पाहता ही भेट शेवटचीच, हे दोघींनाही कळत होतं. लिफ्टवाली दुसरी गाडी आमच्या भागात नाही आणि साध्या टॅक्सीत आईची खुर्ची मावत नाही. आईने मावशीसाठी तिकडच्या थंडीचा स्वेटर विणला होता. मावशीने सुताराला बोलावून दारातल्या पायऱ्यांवर फळी टाकून घेतली होती, खुर्ची सरळ आत यावी म्हणून.

आम्ही फाटकापाशी पोचलो तर खुर्ची होती तिथेच होती आणि तिच्यात अध्यक्ष होते.

"आज काढता यायची नाही," ते वरूनच म्हणाले. "परवान्याचे तपासनीस येतायत. घाईत पट्टे सोडून पुन्हा बांधले आणि सैल राहिले तर जबाबदार कोण?"

"मग आईला मी उचलून पुढच्या सीटवर बसवते."

"प्रवाशाला उचलायचं नाही. नियम आहे. त्यांच्याच सुरक्षेसाठी."

"तुम्ही दिलेला शब्द?"

"अहो, शब्दापेक्षा सुरक्षा मोठी."

तेवढ्यात तपासनीस आला. झोप अर्धवट झालेला, हातात यादी. मला वाटलं, आता यांची खोड मोडणार. त्याने आग विझवायचं नळकांडं पाहिलं, औषधांची पेटी उघडून मिटली आणि मागे येऊन चारही पट्टे ओढून पाहिले. पट्टे घट्ट होते.

"ही अपंग प्रवाशाची जागा आहे," तो म्हणाला. "प्रवासी कोण?"

अध्यक्षांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मीच."

"चालता येत नाही?"

"गुडघे," अध्यक्ष म्हणाले आणि चेहरा पाडून बसले. मंडळाच्या नाटकातही त्यांनी इतकं चांगलं काम कधी केलं नव्हतं.

"खोटं आहे," मी म्हणाले. "दर वेळी पायऱ्या चढूनच बसमध्ये जातात. ही जागा माझ्या आईची आहे."

तपासनीसाने बसमध्ये नजर फिरवली. "काय हो, खरं काय?"

बसमध्ये वीसेक माणसं होती. शिक्षक होते, पोस्टमास्तर होते, जन्मभर मुलांना खरं बोला म्हणून धपाटे घातलेली माणसं. मांडीवर डबे धरून सगळी खिडकीबाहेर बघत राहिली. खजिनदार तेवढा म्हणाला, "साहेबांना फार त्रास आहे गुडघ्यांचा." दोघातिघांनी माना हलवल्या. वाद वाढला तर सहल बुडेल, एवढीच त्यांना धास्ती. मला त्या सगळ्यांची किळस आली.

तपासनीसाने यादीवर खूण केली. "एकच जागा आहे, ताई. ती भरलीय. मी काय करणार?" सही ठोकून तो पुढच्या कामाला गेला.

अध्यक्षांनी वरून हात जोडले. "पुढच्या वेळी नक्की. तुमचं नाव पहिलं."

"लिफ्ट बंद करून घ्या," आई त्यांना म्हणाली. "वाटेत दार उघडलं तर पडाल. तुम्हाला तर चालताही येत नाही."

बस निघाली. मागच्या काचेतून त्या खुर्चीची पाठ कोपऱ्यापर्यंत दिसत होती.

मी तोंडाला येईल ते बोलत होते. आईने मला थांबवलं नाही. बोलून बोलून मी दमले तेव्हा तिने फोन मागितला. मावशीने पहिल्याच रिंगला उचलला. दारातच बसली असणार.

"ताई, मला जमत नाही गं यायला," आई म्हणाली. "नाही, मी बरी आहे. गाडीत जागा नव्हती."

आईने मांडीवरच्या स्वेटरची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

"दारातली फळी काढून घे तेवढी," ती म्हणाली. "कुणीतरी अडखळून पडेल."