देवानं घेतलेलं नाव

थोरली जळत होती. उगाच सभ्य शब्द शोधायची गरज नाही. सख्खी बहीण असली म्हणून काय झालं, पोटात दुखायचं ते दुखतंच.

दोघी एका मोठ्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायच्या. हॉटेलांच्या, इस्पितळांच्या चादरी. एकीनं दोन कोपरे धरायचे, दुसरीनं दोन, झटका द्यायचा, पुढं यायचं, कोपऱ्याला कोपरा जोडायचा. दिवसातून चारशे वेळा थोरलीला धाकटीचं तोंड वीतभर अंतरावरून बघावं लागे, आणि ते दर वेळी नेमकं हसरं असे. आता बोला!

दोघी वाढल्या त्या एका पंथात. धाकटीला पंथानं आठ वर्षांपूर्वी हाकललं. थोरली मागेच राहिली, आणि सहा महिन्यांपूर्वी प्रमुखांची लबाडी उघडी पडली तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर आली. धाकटीनंच तिला घरात घेतलं, कामाला लावलं. उपकार झाले, मान्य. पण उपकार करणाऱ्याचा राग येत नाही असं कुठं लिहिलंय? थोरलीला अजून पहाटे चारला दचकून जाग यायची. घास उचलताना ती मनातल्या मनात परवानगी मागायची, आणि ती द्यायला कुणीच नाही म्हणून घास हातातच राहायचा. धाकटी मात्र सातपर्यंत घोरायची, उठल्या उठल्या उभ्यानंच खायची, वर गाणं म्हणायची. हिला हाकललं आणि ही सुटली, मी चांगली वागले आणि मीच सडले, असं थोरलीच्या मनात दिवसभर चालायचं.

त्या दुपारी सुपरवायझर बाई आल्या आणि धाकटीला म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यापासून हा विभाग तू सांभाळशील का? विचार कर आणि सांग." बाई गेल्या. थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"अभिनंदन हो, साहेब," ती म्हणाली.

"मी नाही म्हणणारे, ताई."

"का? आमच्यासमोर नखरे कशाला?"

धाकटी चादर झटकायची थांबली. "नखरे नाहीत गं. भीती वाटते. काही चांगलं व्हायला लागलं की वाटतं, देव बघतोय. प्रमुख सभेत काय म्हणाले होते, आठवतं ना?"

न आठवायला काय झालं! 'या मुलीच्या मनात श्रद्धा नाही, हे मला देवानं सांगितलं.' शंभर माणसांसमोर. मग चाळीस दिवस कुणी तिच्याशी बोलायचं नाही, तिच्याकडे बघायचं नाही. एक्केचाळिसाव्या दिवशी तिला फाटकाबाहेर काढलं.

"मी कुणाला काही बोलले नव्हते," धाकटी म्हणाली. "कोठीत एकटी होते, दार लावून. मला प्रार्थनेत काहीच जाणवत नाही, एवढंच स्वतःशी म्हणाले. तेही हळू. मग कळलं कसं? पंथ खोटा, प्रमुख लबाड, सगळं पटलं मला. एवढं एक सुटत नाही. देवानंच ऐकलं, देवानंच टाकलं. सारखी गाते ना मी? गप्प बसले की तेच ऐकू येतं, म्हणून गाते."

हे ऐकून एखादीचं काळीज हललं असतं. थोरलीच्या डोक्यात सणक गेली. घ्या! देवाला उभ्या जन्मात एकदा बोलावंसं वाटलं, तर नाव घेतलं तेही हिचंच! गुडघे सोलवटले मी, मरमर राबले मी, आणि देवाचं लक्ष म्हणे हिच्यावर!

"डोंबलाचा देव!" ती ओरडली. "दाराआड मी होते! मी ऐकलं, मीच जाऊन प्रमुखांना सांगितलं. देवाबिवाचा काही संबंध नव्हता त्यात!"

आजूबाजूच्या बायकांचे हात थांबले. आपण काय बोललो ते थोरलीला बोलून गेल्यावर कळलं. डोक्यावरचं छप्पर आणि एकुलती एक बहीण, दोन्ही एका दमात घालवलं होतं तिनं.

"नुसती तू?" धाकटीनं विचारलं.

"हो."

"आणखी कुणी नाही? खरं सांग."

"कुणी नाही. तुझा आवाज गोड म्हणून सगळे तुला पुढं बसवायचे. मला बघवत नव्हतं. लोकांना वाटलं मी श्रद्धेपोटी सांगितलं, मीही तसंच धरून चालले. पण जळत होते मी तुझ्यावर. अजून जळते."

धाकटी कोपरे धरून तशीच उभी राहिली. तिचा चेहरा लालबुंद झाला, ओठ वाकडे झाले, आणि ती सगळ्यांसमोर मोठ्यानं रडायला लागली. रडता रडता मधेच हसायची, पुन्हा रडायची.

"तू होतीस होय गं! आठ वर्षं मी देवाला घाबरले, आणि दाराआड कोण, तर तू, मेली कुठली!"

"शिव्या दे मला," थोरली म्हणाली.

"देणारच आहे! सोडते की काय!" धाकटीनं बाहीनं नाक पुसलं आणि चादर टेबलावर टाकली. "आधी बाईंना हो म्हणून येते. संध्याकाळी घरी भांडायचंय मला तुझ्याशी, नीट, पहिल्यापासून. आठ वर्षांचं आहे, वेळ लागेल."

ती दारापर्यंत गेली आणि मागं वळून ओरडली, "घरीच ये! दुसरीकडे कुठं गेलीस तर तंगडं मोडून हातात देईन."