झोंब्याचं छप्पर

कॉम्प्युटरवरच्या खेळात पिरिपीने झोंब्याच्या डोक्यावर शेवटची फळी बसवली आणि मागे उभी असलेली त्याची मुलगी हुहाना हसत सुटली.

"पापा, आपल्या घराचे पत्रे वर्षभर गळतायत. आणि या भुताला छप्पर!"

"उन्हात जळेल तो," पडद्यावरची नजर न काढता पिरिपी म्हणाला.

हा खेळ मुळात तामतीचा, तिच्या भावाचा. बापाच्या कालवांच्या बोटीवर यायला त्याने साफ नकार दिला, दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि पोरगा ब्लफ गाव सोडून ऑस्ट्रेलियात पर्थकडच्या खाणीत निघून गेला. तेव्हापासून त्याचा फोन फक्त बहिणीला. बापाशी अवाक्षर नाही. बोट धक्क्याला लागली की पिरिपी अंगावरचे ओले कपडे बदलून मुलाच्या या जगात येऊन बसे. इथली भुतं अंधारात उगवत आणि माणूस लांब गेला की विरून जात. हा एक मात्र गेला नव्हता.

"हाच कसा टिकला गं?" त्याने सुरुवातीलाच विचारलं होतं.

"दादा शेवटचा खेळला ना, तेव्हा त्याचा बाहुला मेला आणि त्याच्या हातातून पडलेली कुऱ्हाड याने उचलली. आपली वस्तू हाती लागली की हे जात नाहीत."

झालं! पिरिपीचा जीव त्या हिरव्या तोंडाच्या ध्यानात अडकला. पोराची इतकी आठवण येई, की त्याची कुऱ्हाड धरणाराही त्याला घरचा वाटू लागला.

एवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं उमटली. तामती खेळात आला होता.

"लिहा ना काहीतरी, पापा!"

कालवं उघडून जाड झालेली पिरिपीची बोटं कळफलकावर आली. तामतीचा बाहुला तलवार घेऊन झोंब्यासमोर येऊन थांबला.

"हे छप्पर कुणी घातलं?" तामतीने लिहिलं.

"मी, पापा. जळला असता," पिरिपीने एकेक अक्षर शोधत उत्तर दिलं.

पिरिपी पुन्हा अक्षरं शोधू लागला.

"कुऱ्हाड तुझी आहे. मार त्याला आणि घेऊन जा."

तामतीच्या बाहुल्याने तलवार बाजूला ठेवली.

"राहू दे, पापा. माझं काहीतरी घरी असू दे."