पिवळी फरशी

रस्ता रुंद करणाऱ्या साहेबांनो, तुम्ही एका फरशीवाल्याचं टेबल गिळलंत आणि ढेकरसुद्धा दिला नाहीत.

सहा वर्षांनी त्याची दोन्ही पोरं एकाच वेळी चार दिवसांच्या सुट्टीवर शहरात आली होती. थोरली पुढच्या महिन्यात नोकरीसाठी समुद्रापार जाणार, कायमची. पुन्हा आईबाप आणि पोरं, चौघं एका टेबलाशी कधी बसणार, देव जाणे. म्हणून पोरांना खाण्याच्या जुन्या सगळ्या जागी न्यायचंच, या हट्टाला म्हातारा पेटला होता. आइस्क्रीमवाला झाला, बेकरी झाली, तळलेल्या माशांची गाडी झाली. पण त्याचा जीव अडकला होता कोपऱ्यावरच्या खाणावळीत, खिडकीजवळच्या टेबलात.

त्या खाणावळीची फरशी त्यानंच घातलेली, चोवीस वर्षांपूर्वी. मापात चुकला, एक पांढरी फरशी कमी पडली, तर पठ्ठ्यानं दुसऱ्या कामावरची उरलेली पिवळी ठोकून बसवली. मालक भडकला. "ते थोबाड आधी झाक!" म्हणाला. मग तिच्यावर टेबल आलं आणि त्या टेबलाशी दर रविवारी हे चौघं. पिवळीवर ज्याचा पाय आधी, त्यानं काय मागवायचं ते ठरवायचं. टेबलाखाली नुसती लाथाळी!

सुट्टीच्या शेवटच्या दुपारी चौघं तिथं पोचले आणि थबकले. खाणावळ अर्धीच उरली होती. नवी भिंत आत सरकलेली, आत उभ्यानं खायचे कट्टे. बाहेर तुमचा पदपथ अजून झालाच नव्हता. जुनी फरशी धूळ खात उघडी पडली होती.

"बाबा, जाऊ द्या ना," धाकटा म्हणाला. "दुसरीकडे बसू."

"दुसरीकडे बसायला मी काय पाहुणा आहे?"

तो उकिडवा बसून हातानं माती सारू लागला.

"अहो, हंडा पुरलाय का तिथं?" बायको म्हणाली.

पिवळी सापडली. त्यानं बोटाच्या पेरानं ठोकून पाहिली. आवाज भरीव आला.

"बघ. अजून पोकळ नाही झाली."

"तुमच्या गुडघ्यांपेक्षा बरी म्हणायची."

तेवढ्यात थोरलीनं चप्पल काढून पाय ठेवला. "माझा पहिला! सूप आणि भाजलेला पाव. सगळ्यांना."

"ए, चिटिंग! माझी लेस सुटत नव्हती," तिशीतला, पोट सुटलेला धाकटा ओरडला.

खाणावळीच्या मालकानं टेबल आणि चार खुर्च्या बाहेर आणून पिवळीवर मांडल्या. सूप आलं. फरशीवाल्यानं चमचा उचललाच नाही. तो वाकून टेबलाखाली बघत होता. थोरलीच्या पायावर धाकट्याचा, त्यावर आईचा. आता आपला ठेवायचा, एवढंच राहिलं होतं.

आणि तुमचा माणूस शिट्टी फुंकत आला.

"उठा! अतिक्रमण आहे हे."

"ही फरशी मी घातलीय."

"असेल. आता रस्त्याची आहे."

टेबल अतिक्रमणवाल्यांच्या ट्रकमध्ये चढलं. थोरलीनं सूप उभ्यानंच संपवलं, घड्याळ बघत. तिची गाडी सुटायची वेळ झाली होती. जाताना वळून म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी बसू हं." तो मान हलवत राहिला, ती दिसेनाशी झाल्यावरही.

साहेब, त्याचं माप एका फरशीनं चुकलं, तर तो चोवीस वर्षं त्या चुकीवर पाय ठेवून बसला, पळून गेला नाही. तुमचं माप कितीनं चुकलं? ती चौघं आता कुठं बसणार?

उत्तर द्या. लेखी द्या.